चूक बीजगणिताची नाही, छेदाची आहे

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. यंदा शाळेनं चाचणी घेऊन काही मुलांचा गणिताचा वेगळा वर्ग केला. त्यात दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात संपवतात. तिची निवड झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, कारण आजवर गणितात तिला पैकीच्या पैकी मार्क असायचे. आता पहिल्याच घटक चाचणीत २५ पैकी ११ मिळाले. रोज रात्री गृहपाठाला बसली की पान फाटेस्तोवर खोडरबर घासते, रडते, ‘मी ढ आहे, मला चुकून घेतलंय’ म्हणते. तिचे बाबा शेजारी बसून सोडवून दाखवतात तेव्हा कुठे दहा-साडेदहाला वही मिटते. मला स्वतःला गणिताची कायम धास्ती होती, त्यामुळे मी काही सांगायला गेले की गोंधळ वाढतो. वर्ग सोडायला लावावा का? शिकवणी लावावी का? सोडला तर नातेवाईक काय म्हणतील ते वेगळंच. वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.

ता. क. ऋण गुणिले ऋण धन का होतं, असं तिनं परवा मला विचारलं. मला ते आजतागायत कळलेलं नाही. काय सांगू?

उत्तर : तुमचं पत्र वाचायच्या आधी मी वहीचे फोटो पाहिले. बत्तीस वर्षं वह्या तपासल्या, ती सवय काही सुटत नाही. पण बरंच झालं, कारण पत्रात जी मुलगी दिसते ती वहीत दिसत नाही. पत्रातली मुलगी गटांगळ्या खाते आहे. वहीतली मुलगी नवीन बीजगणित बऱ्यापैकी समजून करते आहे आणि दोन जुन्या खड्ड्यांत पुन्हा पुन्हा पाय घालते आहे.

पहिलं पान घ्या. गणित आहे क्ष/३ + क्ष/४ = ७. तिनं लिहिलंय २क्ष/७ = ७, म्हणून २क्ष = ४९, म्हणून क्ष = २४.५. आता यात समीकरण सोडवण्यात चूक कुठे आहे, सांगा बरं? छेदातल्या ७ नं दोन्ही बाजूंना गुणलं, बरोबर. मग २ नं भागलं, तेही बरोबर. चुकलंय ते पहिल्याच ओळीत. तिनं अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. म्हणजे चूक या वर्षीच्या गणिताची नाहीच, अपूर्णांकांच्या बेरजेची आहे. १२ हा लसावि घेतला असता तर ४क्ष + ३क्ष = ८४ आलं असतं आणि क्ष = १२. ताळा बघायचा तर १२ चा तिसरा भाग ४, चौथा भाग ३, मिळून ७.

दुसऱ्या पानावर ५ − २(क्ष − ३) = १ आहे. तिनं कंस सोडवून लिहिलं ५ − २क्ष − ६ = १. पुढचं सगळं शिस्तीत, उत्तर क्ष = −१. इथेही समीकरणात काही खोट नाही. −२ नं −३ ला गुणल्यावर +६ यायला हवे होते, तिनं −६ लिहिले. +६ लिहिले असते तर क्ष = ५ आलं असतं. तुमचा ताजा कलम नेमका याच ओळीत अडकलाय, त्यामुळे तो मी शेवटी घेते.

आता मार्कांचं. अशा वर्गात दोन वर्षांचं एका वर्षात बसवायचं तर काहीतरी कापावं लागतंच, आणि कापली जाते ती उजळणी. ‘अपूर्णांक तुम्हाला येतातच’ असं म्हणून शिक्षक थेट समीकरणावर उडी मारतात. मुलीला अपूर्णांक येत होते हे खोटं नाही. ज्या आठवड्यात शिकवले त्याच आठवड्यात चाचणी झाली, तेव्हा रीत ताजी होती, पैकीच्या पैकी पडले. रीत होती, अर्थ नव्हता. दोन वर्षांनी रीत विसरली आणि हाताशी काहीच उरलं नाही. भरभर पुढे जाणाऱ्या हुशार मुलांचं हे फार होतं. हळू चालणाऱ्या मुलाला चार वेळा समजावून सांगितलं जातं, या मुलांना एकदाच.

तुमची मुलगी याबाबतीत एकटी नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की १२/१३ + ७/८ याचं उत्तर अंदाजे किती, १, २, १९ की २१? दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणजे उत्तर २ च्या आसपास, आकडेमोड करायचीसुद्धा गरज नाही. ते बरोबर सांगणारी मुलं जेमतेम चौथा हिस्सा निघाली. बाकीची बहुतेक १९ किंवा २१ वर गेली, म्हणजे अंशांची किंवा छेदांची बेरीज करून मोकळी झाली. तुमच्या लेकीनं पहिल्या पानावर केलं ते याच जातीचं. पुढे २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. दहाव्या वर्षाच्या सुमारास अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत यावरून पुढचं माध्यमिक शाळेतलं गणित कसं जाईल याचा अंदाज येतो, असं त्यात दिसलं. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यंक हिशेबात धरूनही तो येत होता. मला हे वाचून नवल वाटलं नाही. नववीत ‘बीजगणित जमत नाही’ म्हणून आलेल्या मुलांना मी अपूर्णांकच विचारायचे.

तुम्हीही ते घरी विचारू शकता, गणिताची धास्ती असली तरी. एखाद्या सुट्टीच्या सकाळी, गृहपाठ समोर नसताना, गप्पांच्या ओघात. ३/८ मोठा की २/५? उत्तराइतकंच कसं ओळखलं ते ऐका. १/२ भागिले १/४ किती? २ म्हणाली तर विचारा, भागल्यावर उत्तर दोन्हींपेक्षा मोठं कसं आलं? ‘अर्ध्यात पाव दोनदा बसतो’ असं काही म्हणाली तर तिला कळलंय. ‘उलटा करून गुणायचं असतं’ एवढंच म्हणाली तर रीत पाठ आहे. आणि मला आवडणारा एक प्रश्न: संख्यारेषा काढून ७/४ कुठे ते दाखवायला सांगा, मग पावणेदोन कुठे ते विचारा. पुष्कळ मुलं पावणेदोनवर लगेच बोट ठेवतात आणि ७/४ ला थबकतात. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आपल्याला बोलण्यात मिळालेत, अपूर्णांक तोंडात बसलेला असतो, पण तोच वहीतल्या आडव्या रेषेवर बसलाय हे कुणी सांगितलेलं नसतं.

बेरजेसाठी चौकटींच्या कागदाची १२ चौकटी लांब पट्टी कापा. तिचा तिसरा भाग रंगवायला सांगा, ४ चौकटी होतील. दुसऱ्या रंगानं चौथा भाग, ३ चौकटी. मिळून ७, म्हणजे ७/१२. आता तिची जुनी रीत तपासा: १/३ + १/४ = २/७? २/७ तर १/३ पेक्षाही लहान. एक तृतीयांशात आणखी काही घातलं आणि बेरीज कमी झाली? हे तिच्या तोंडून आलं पाहिजे, तुम्ही बोलून टाकू नका. मग तीच पट्टी उचला आणि म्हणा, ही सगळी पट्टी म्हणजे क्ष. तिचा तिसरा आणि चौथा भाग मिळून ७ भरतात, तर पट्टी केवढी? रडवणारं ते समीकरण आहे हे तिच्या लक्षात यायला बहुधा मिनिटभर लागेल. त्या मिनिटात गप्प राहणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे, मला ते जमायला दहा वर्षं लागली.

आता बाबांचं. फोटोतल्या पहिल्या पानाचा खालचा अर्धा भाग दुसऱ्या अक्षरात आहे. सुबक, एकाही खाडाखोडीशिवाय. ते अक्षर त्यांचं असणार. हेतू चांगलाच आहे, दिवसभर काम करून रात्री मुलीजवळ बसणारा बाप मिळायला भाग्य लागतं. पण त्या सुबक पानातून मुलीला दोन गोष्टी कळतात. एक, गणित असं सरळ खाली उतरत जातं आणि मला खोडावं लागतं, म्हणजे मी ढ. दुसरी, पुरेसं रडलं की पेन बाबांच्या हातात जातं. शिवाय उद्या वर्गात बाईंना ती वही पूर्ण दिसते. मुलगी कुठे अडते हे त्यांना कळायची वाटच बंद.

तेव्हा बाबांना सांगा, शेजारी बसा, पण पेन खिशात ठेवा. बोलायचं तर प्रश्नच विचारायचे. यात काय शोधायला सांगितलंय? उत्तर साधारण किती यावं असं वाटतं, दहाच्या आसपास की शंभराच्या? आलेलं उत्तर परत मूळ गणितात ठेवून पाहिलंस का? शेवटचा प्रश्न तर रोज. २४.५ ला नुसतं ३ नं भागलं तरी ८ च्या वर जातं आणि बेरीज ७ यायची आहे. तिनं हे परत ठेवून पाहिलं असतं तर चूक तिची तिलाच सापडली असती, आणि अशी सापडलेली चूक मुलांना लाजवत नाही, उलट थोडी शेखी मिरवायला मिळते. एका गणिताशी पंधरा मिनिटं झटून झाली की थांबायचं. मग वहीत लिहायचं, ‘इथपर्यंत आलं, पुढे छेदाचं काय करायचं कळत नाही’, आणि सकाळी ते बाईंना दाखवायचं. अर्धवट वही नेल्याबद्दल बाई रागावल्या तर त्यांच्याशी तुम्ही बोला, तिच्यावर ते सोपवू नका. रात्री साडेनऊला, गणित संपो न संपो, वही बंद.

खोडरबर मात्र काढून घ्या. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ, खाली पुन्हा सुरुवात. खोडलेली चूक तपासता येत नाही.

तुमच्या धास्तीबद्दल थोडं नाजूक सांगायचंय. २०१५ साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना गणिताची भीती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही भीती वाढली. तेवढीच भीती असलेले, पण मदतीला क्वचित बसणारे जे पालक होते, त्यांच्या मुलांत असं दिसलं नाही. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा बरीच मोठी आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं तुम्हाला लावू नका. पण ‘मलाही गणित कधी जमलं नाही गं’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य मुलीच्या कानात ‘आपल्याकडे हे रक्तातच नाही’ असं शिरतं. त्याऐवजी तिची विद्यार्थिनी व्हा. ‘तुझ्या वर्गात आज काय झालं ते मला शिकव, मला खरंच येत नाही’ असं म्हणा. तुमच्या बाबतीत हे नाटकही नसेल. शिकवताना ती जिथे ‘ते तसंच असतं’ म्हणेल, तिथे तिचं कच्चं आहे. ते मनात नोंदवून ठेवा, लगेच पकडू नका.

सराव किती, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. रोज वीस मिनिटं पुरे, मात्र चालू धड्याची तीस गणितं घाण्याला जुंपल्यासारखी करण्यात अर्थ नाही. एकाच सरावसंचात सगळी गणितं एकाच रीतीची असतात. तिसऱ्या गणितापासून मूल विचार करणं थांबवतं आणि हात चालत राहतो. त्यापेक्षा सहा गणितं निवडा, दोन आजची, दोन गेल्या महिन्यातली, दोन अपूर्णांकांची किंवा ऋण संख्यांची, आणि क्रम पिसून टाका. कुठली रीत लावायची हे ठरवावं लागलं की डोकं जागं राहतं.

इथे माझाही एक कबुलीजबाब. मी सुरुवातीची कित्येक वर्षं ‘इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं’ असंच शिकवलं. सोपं, चटकन पाठ होणारं. मग एका मुलानं ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ लिहिलं. मी त्याला झापलं. तो निरागसपणे म्हणाला, ‘बाई, ३ तिकडे नेला, चिन्ह बदललं.’ माझंच वाक्य माझ्या तोंडावर. त्यानंतर मी तराजू काढायला लागले, जे एका पारड्यात कराल तेच दुसऱ्यात. तुमच्या लेकीला ‘=’ म्हणजे काय, हे एकदा विचारून बघा. ‘पुढे उत्तर येतं’ असं म्हणाली तर तराजू काढायची वेळ झाली आहे.

शिकवणी लावू नका, निदान आत्ता तरी नाही. शिकवणीत बहुतेक वेळा शाळेच्या आधी पुढचा धडा उरकतात, आणि तुमच्या मुलीचं अडलंय ते मागे. पुढची घाई आणखी वाढवून मागचा खड्डा बुजत नाही. कुणाची मदत घ्यायचीच असेल तर अशी व्यक्ती बघा जी दीड-दोन महिने फक्त अपूर्णांक आणि चिन्हं घेऊन बसायला तयार असेल, आणि त्यात कमीपणा मानणार नाही.

वर्ग सोडावा का? आज नाही. ११ मार्कांच्या रात्री घेतलेला निर्णय मुलीला ‘मला काढलं’ असाच आठवेल. सहा ते आठ आठवडे वरचं करून बघा आणि मार्कांपेक्षा तिच्याकडे लक्ष ठेवा. चुका होताहेत, चिडचिड आहे, पण एखाद्या संध्याकाळी स्वतःहून ‘थांब, सांगू नकोस’ म्हणते, तर ती योग्य जागी आहे, मार्क यायचे तेव्हा येतील. पण गणिताच्या तासाच्या दिवशी पोट दुखायला लागलं, झोप उडाली, चित्र काढणं, खेळणं, मैत्रिणी हेही सुटायला लागलं, तर आठ आठवड्यांचीही वाट पाहू नका. त्याच आठवड्यात शाळेत जा. वर्गशिक्षिकेला ही दोन पानं दाखवा आणि विचारा की या वर्गात नेमका कोणता भाग गाळला जातो, नेहमीच्या वर्गात परत जाता येतं का, आणि पुढच्या वर्षी पुन्हा इकडे यायची दारं उघडी राहतात का. नेहमीच्या वर्गात बसून सातवीचं गणित मुळापासून करणं ही शिक्षा नव्हे, मुलीलाही ते तसंच सांगा. तिचं मत जरूर विचारा. मात्र निर्णयाचं ओझं तिच्या खांद्यावर नको, ‘आम्ही दोघांनी असं ठरवलं’ म्हणा. नातेवाइकांना दोन दिवसांत दुसरा विषय मिळेल.

तिचं ‘मी ढ आहे’ हे ‘छे, तू किती हुशार आहेस!’ म्हणून खोडू नका. आजवर सगळं पहिल्या फटक्यात जमत होतं म्हणून ती हुशार, हाच तर तिचा हिशेब आहे, आणि आता पहिल्या फटक्यात जमत नाही म्हणून ढ. तुम्ही पुन्हा हुशार म्हणालात की तोच हिशेब पक्का होतो. पान समोर ठेवा आणि दाखवा, ‘या गणितात सहा ओळी आहेत, पाच बरोबर, एक चुकली, ती ही.’ आकडे बोलतात तेव्हा तिला वाद घालता येत नाही.

आता ताजा कलम. धन आणि ऋण हे शब्द काही शाळेनं काढलेले नाहीत. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली या संख्यांचे नियम मांडले तेव्हा हेच शब्द वापरले, धन म्हणजे जवळचं, ऋण म्हणजे देणं. दोन ऋणांचा गुणाकार धन, हेही त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. देण्याच्या भाषेत सांगायचं तर दोन-दोनची तीन देणी तुमच्या नावावरून खोडली गेली, तर तुम्ही सहांनी वर आलात. काही मुलांना एवढं पुरतं. तुमची मुलगी ‘पण का’ विचारणारी दिसते, तिला बहुधा पुरणार नाही. तिच्यासाठी कोरा कागद घ्या आणि एकाखाली एक लिहा:

−२ × ३ = −६
−२ × २ = −४
−२ × १ = −२
−२ × ० = ०

प्रत्येक ओळीत उत्तर कितीनं बदललं, एवढंच विचारा. दोननं वाढतंय हे ती सांगेल. मग शून्याच्या खाली −२ × −१ लिहा, बरोबरच्या चिन्हानंतर जागा मोकळी सोडा आणि पेन तिच्या हातात द्या. आणखी दोन ओळी ती स्वतःच लिहील, तिसरी −२ × −३ ची असेल. ती लिहून झाली की काही न बोलता वहीचं दुसरं पान उघडून कागदाशेजारी ठेवा.